पहिल्या चौकटीतला पिळ्ळैयार

— हो, तीच. पिळ्ळैयार सुळी. गणपतीची खूण. असा चेहरा का करतोस, हरी? तूच म्हणालास ना, मामा, त्या दिवशी स्पर्धेत मार्क कसे भरलेत ते माझ्यासमोर पुन्हा एकदा भरून दाखवा — मग दाखवलं. पान उघडलं, पहिली चौकट आली, चौकटीत आधी सुळी घातली — तमिळ 'उ' असतो तसं एक वेटोळं आणि पुढे आडवी रेघ — आणि तू माझ्या हातातला फोनच ओढून घेतलास. विंचू दिसल्यासारखा. अरे, उभ्या तंजावुरात विचार, कोरा कागद तसाच कोण लिहायला घेतो? वाण्याची यादी असो, लग्नपत्रिकेचा मसुदा असो, पोरांचा परीक्षेचा पेपर असो — आधी वर सुळी, मग बाकीचं. आमच्या घरी 'श्री', शाळेत सुळी, मज दोन्हींची सवय. कागद होता तेव्हा इतकी वर्षं काही बिघडलं नाही, कारण कागदास वर जागा असते. तुझ्या पानास डोकंच नाही. उघडलं की थेट चौकट क्रमांक एक. मग देवास कुठं ठेवायचं? पहिल्या चौकटीत ठेवलं.

बस, बस, उभा राहून माझ्याकडे पाहू नकोस. राजम, राजगोपालचा हरी आलाय, कॉफी टाक — आणि साखर कमी, हा कंप्युटरपुढे बसून बसून फुगलाय. हां. आता सांग काय बिघडलं ते. हळू सांग, मी गाण्यातला माणूस. — बरं — बरं — म्हणजे चौकटीत आकडा सोडून दुसरं काही आलं, की तुझी ती जावास्क्रिप्ट त्याचा आकडा करू पाहते. सुळीचा आकडा काही होत नाही. मग ती भांडत नाही, तक्रार करत नाही, गुपचूप तिथं लिहून ठेवते — काय? नॅन. 'हा आकडा नव्हे.' सरी, ठीक, हे समजलं. आणि त्या नॅनची जात कोणती विचारलं तर म्हणते आकडा? नाव 'आकडा नव्हे', जात आकड्याची? त्यात हसण्यासारखं काय आहे, आपलंच बघ की. इथले लोक आपणास मराठी म्हणतात, आणि गेल्या वर्षी पुण्याहून ते पाहुणे आले होते, माझं बोलणं ऐकून विचारतात, ही कुठली भाषा हो? आपणही नॅनच, बा.

काय म्हणालास? स्वतःशीच सारखा नाही? एकच नॅन, त्यासच त्याच्याशी ताडून पाहिलं तरी यंत्र म्हणतं हे दोन वेगळे? असली माणसं मी पाहिली आहेत. लांब कशास, या रस्त्याच्या टोकाला निळ्या दाराचं घर आहे ना, त्यात एक राहतो. सूर्यनारायण. सकाळचा सूर्यनारायण संध्याकाळच्या सूर्यनारायणाशी जुळणार नाही. मी त्याच्याशी बोलत नाही. तो माझ्याशी बोलत नाही. भाजीची गाडी आली की आधी तो घेतो, तो आत गेला की मी घेतो, गाडीवाल्यास अवघं ठाऊक आहे, तो मधे थोडा थांबतो. ते जाऊ दे. तू तुझ्या नॅनचं सांग.

— थांब, मी सांगतो, बरोबर आहे का बघ. मुलांची गायनाची स्पर्धा. परीक्षक मी एकटा. पोरं पडद्याआड, नाव नाही, गाव नाही, नुसता क्रमांक पुकारायचा, म्हणजे परीक्षकाने पक्षपात करू नये. मार्क टाकायचे तुझ्या पानावर. सगळ्यांचं झालं की यंत्र बघणार सर्वांत मोठा आकडा कोणाचा. ते कसं बघतं? पहिल्याचे मार्क हातात धरतं, आणि पुढच्या प्रत्येकास विचारतं, तू याहून मोठा का? मोठा असला तर हातातला टाकून त्यास घेतं. आणि पहिल्याच्या जागी बसलेत पिळ्ळैयार. दुसऱ्यास विचारलं, तू याहून मोठा? नाही. तिसरा? नाही. सगळे नाही. मग शेवटपर्यंत हातात पहिलाच राहिला आणि तोच जिंकला. हेच ना? आता मज सांग, यात यंत्राचं काय चुकलं? गणपतीस स्पर्धेत उभं केलंस, त्याहून मोठा कोण निघणार होता, तुझा बाप? त्याहून लहान का, असं विचारलं तरी नाहीच म्हणतं? बघ, यंत्रासही कळतं, तुजच कळत नाही.

हस, हस. पण गणेशकुमारपुढे हसू नकोस. गानसभेचा सेक्रेटरी झाल्यापासून त्याच्या छातीत धडधडतं. त्याचं म्हणणं मज ठाऊक आहे — पोस्टर दुपारी छापायला जाणार, रविवारी तिरुवैयारुस नदीकाठच्या मंडपात पहिलं गाणं जिंकलेल्या पोराचं, नाव एकदा छापलं की छापलं. म्हणून तुज पळवलंय ना माझ्याकडे. आणि नाव आत्ता काय आहे? श्रीकर. कोणाचा श्रीकर? त्या निळ्या दाराचा. सूर्यनारायणाचा नातू. सभेच्या दारात निकाल लागला तेव्हा म्हातारा माझ्याकडे बघून असा हसला — नाही, तोंडाने नाही, त्याने नुसती नेसलेली वेष्टी सारखी केली, पण मज कळतं. मी त्याच संध्याकाळी गणेशकुमारास फोन केला. म्हटलं, तुमचं यंत्र चुकलंय. सर्वांत जास्त मार्क मी अठ्ठ्याऐंशी दिलेत आणि ते क्रमांक नऊला दिलेत, मग क्रमांक एक जिंकतो कसा? सरळ प्रश्न आहे. आणि आज तू येऊन सांगतोस, खरंच चुकलंय. झालं तर मग. मी म्हणत होतो तेच निघालं.

क्रमांक नऊ कोण? — गायत्री. हो, आमचीच. माझी नात. त्यात लपवायचं काय आहे, गणेशकुमारास आधीच सांगितलं होतं मी. तो म्हणाला, सर, पडदा आहे ना. पडदा. अरे, घरातलं पोर पडद्याआड खोकलं तरी ओळखू येतं, गायलं तर येणार नाही? म्हणून तर मी जास्त कडक झालो. नव्वद होते तिचे. दोन कापले, नात म्हणून. राजम त्या दोन मार्कांसाठी अजून माझ्याशी नीट बोलत नाही. — हो गं, ऐकू येतंय मज, भांडी जोरात आपटून कॉफी लवकर होत नाही.

तर काम सोपं आहे. पहिल्याच्या चौकटीत जे काही नॅन बसलंय ते काढ आणि तिथं आकडा घाल. कोणता म्हणजे? शून्य घाल. तूच म्हणालास ना, बरेच लोक असं करतात, आकडा नसला की शून्य धरायचं, एक ओळ लिहिली की झालं. मग लिही ती ओळ. — का नाही? 'मार्क दिले नाहीत' आणि 'शून्य मार्क दिले' या दोन वेगळ्या गोष्टी? अप्पा, तू केवढा न्यायाधीश झालास. बरं, शून्य राहू दे, मजही तितकं बरं वाटत नाही. सगळ्यांची सरासरी काढ आणि घाल. — तेही नाही? का? नाही गायलेल्या गाण्याचे मार्क म्हणतोस? बरं मग गाळ त्यास. यादीतून नावच काढ, जणू गायलाच नाही. आठ दिवसांनी कोण विचारतो. — सूर्यनारायण विचारील, हे खरं. तो वरही विचारील, मेल्यावर.

मज विचारतोस? मी काय टाकला होता ते? म्हणजे सुळीच्या पुढे? साठ. साठ टाकला होता. तुझ्या यंत्रानं सुळीबरोबर साठही गिळला आणि आता शिल्लक म्हणून नुसती मोकळी जागा दाखवतंय, त्याला मी काय करू. मी साठ दिला, लिही साठ, छाप गायत्रीचं नाव आणि जा. ... आली कॉफी. घे, खालच्या दबऱ्यात ओत, असाच पिऊ नकोस, जीभ भाजेल. राजम, तू इथं उभी राहू नकोस, पुरुषांचं कामाचं बोलणं चाललंय. बघितलंस, जात नाही. दारातच उभी.

हे बघ हरी, मी तुज सांगतो तो माणूस कसा आहे. आम्ही दोघं एकाच वाद्यारांकडे, एकाच गुरूंकडे शिकलो, तिरुवैयारुस, एकाच चटईवर. माझं लग्न पापनाशमला झालं, हिच्या गावी. संध्याकाळी मांडवात नवऱ्यानं गावं अशी हिच्या वडलांची हौस. गायलो. चांगला गाजत होतो, सासरे मान डोलावतायत, आणि पल्लवीत मी अर्धी मात्रा — अर्धीच — पुढे सरकलो. सरकतो माणूस, सकाळपासून होमाच्या धुरात बसलेला, पोटात अन्न नाही. कोणास कळलंही नसतं. हा समोर पहिल्या ओळीत बसलेला. यानं मांडीवर थाप मारली. अशी — फाड. ताल कुठं आहे ते दाखवायला. मांडवभर ऐकू गेलं. आचारी बाहेर आला. हिच्या वडलांनी मान डोलवायची थांबवली ती पुढे ते गेले तोवर माझ्या गाण्यास डोलवली नाही. त्या दिवसापासून मी त्याच्याशी बोललो नाही आणि त्यात माझं काही चुकलं असं मज वाटत नाही. आता अशा माणसाच्या नातवास मी पासष्ट दिले, तर ते उदारच म्हणायला हवेत.

काय? साठ म्हणालो होतो? साठ-पासष्ट. त्यात काय.

नाही, मी त्यास ओळखलं नव्हतं. पडदा होता ना. म्हणजे सुरुवातीस ओळखलं नव्हतं. पहिला क्रमांक पुकारला, मी पान उघडलं, सुळी घातली, पडद्यामागून पोरानं सा लावला. बरा लावला. आवाज अजून फुटलेला नाही, स्वच्छ आहे. मग त्यानं तोडी घेतला. इतकंसं पोर, आणि तोडी. मी मनात म्हटलं, आता बुडणार हा, तोडीत मोठेमोठे बुडतात. गांधारास पोहोचला की तिथं सगळे हलवतात, खूप हलवतात, ऐकणाऱ्यास बोट लागल्यासारखं वाटतं. यानं हलवला नाही लगेच. थांबला. जरासा खाली उभा राहिला, मग वर गेला. — तुज नाही कळायचं, तू कॉफी पी. आमचे वाद्यार तसं घेत. आणि ते त्यांनी फक्त एकास शिकवलं होतं. मज नाही. मी ओसरीवर बसून दारास कान लावून ऐकत असे, आत त्याचा धडा चाललेला असे. पुष्कळ ऐकलं. घरी येऊन पुष्कळ करून पाहिलं. मज ते कधी आलं नाही. अजून येत नाही. मग मज चेहरा कशास हवा ओळखायला? तो थांबला तिथंच ओळखलं कोणाच्या घरचं पोर ते. म्हणून बहात्तर दिले. गांधाराचे म्हणून बारा जास्त.

असा काय पाहतोस? लिहून कशास घेतोस ते? साठ, पासष्ट, बहात्तर — मीच म्हणालो असेन तिन्ही, माझं वय बघ. माझ्या वयात येऊन बघ किती आठवतं. आणि तू मघापासून तेच तेच का विचारतोस? तू इतका शिकलेला, चेन्नईच्या कंपनीचं काम घरी बसून करतोस, एक आकडा तुज घालता येत नाही? चौकटीत आकडाच जाईल अशी चौकट का नाही केलीस? — केली होती? मग? — तिच्या बाजूस ते दोन बारीक बाण असतात, अंगठा लागला की आकडा आपोआप वर-खाली होतो, म्हणून काढून साधी चौकट ठेवलीस? आणि आत काय आलं ते तपासायचं राहून गेलं. बघ. चूक तुझी आहे आणि बोलणी मी खातोय. आता तपासणी घातलीस म्हणतोस, नॅन निघालं की लाल अक्षरांत सांगतं, कृपया आकडा पुन्हा भरा. दाखव. ... हं. लाल अक्षरांत. म्हातारपणी मज फोनने 'पुन्हा भरा' म्हणायचं राहिलं होतं, तेही झालं.

यापुढं त्या यंत्रानं असं स्वतःच्या मनानं काही घालू नये, ज्याचं त्यासच विचारावं, असं तुझं म्हणणं. ठीक आहे, चांगलं आहे. पण मज एक सांग. समज — नुसतं समज — मी सुळीही घातली नसती. देवास विसरलो असतो. चौकट तशीच कोरी राहिली असती. मग यंत्रानं काय केलं असतं? तेव्हाही नॅनच ना?

शून्य?

कोऱ्या चौकटीस शून्य धरतं? कोणास न विचारता? त्या पोरास शून्य — सभेच्या भिंतीवर लावलं असतंत, क्रमांक एक, शून्य? तो गांधार घेणाऱ्या पोरास?

— नाही रे, काही नाही. राजम, पाणी दे. ... दे इकडे. तू काही बोलू नकोस, तुझ्या तोंडावर दिसतंय काय बोलणार आहेस ते.

हरी, ऐक आणि गणेशकुमारास हे असंच्या असं सांगू नकोस. सुळीपुढं मी काही लिहिलंच नव्हतं. साठ नाही, पासष्ट नाही, काही नाही. सुळी घातली, पोर गायला लागलं, त्यानं तो गांधार घेतला आणि मी डोळे मिटले. वाद्यारांचं घर, ती ओसरी, त्या दाराची फट, अवघं समोर आलं. फोन मांडीवर होता की खाली पडला तेही ठाऊक नाही. डोळे उघडले तेव्हा पडद्यामागून 'क्रमांक दोन' म्हणत होते. त्या पोरीनं सा लावला, मी तिच्या चौकटीत गेलो. मागं जाऊन आकडा घालता आला असता. बोट नेलंही होतं मागे. पण जो आकडा डोक्यात होता तो लिहायचा म्हणजे त्या म्हाताऱ्यास लिहून दिल्यासारखं, की वाद्यारांनी तुज दिलं ते बरोबर माणसास दिलं. कमी लिहायला हात वळला नाही आणि तेवढा लिहायला मन होईना. म्हटलं, पुढं बघू. नंतर नऊ क्रमांक आला, गायत्री आली, चांगली गायली, मन लावून गायली, अठ्ठ्याऐंशी घातले, आणि मी बटण दाबून टाकलं.

घरी आलो तर पोरगी पायऱ्यांवर बसलेली. निकाल संध्याकाळी सभेत लागायचा होता अजून. पाय धुतलेले नाहीत, रेशमी परकर तसाच. म्हणाली, ताता, तो पहिला मुलगा माझ्यापेक्षा चांगला गायला, ना? तिला कळलं होतं. पडद्यामागं रांगेत बसून ऐकलं होतं तिनं. मी काय म्हणालो ठाऊक आहे? म्हणालो, ते यंत्र सांगेल. आणि यंत्रानं सांगितलं. चुकून का होईना, बरोबर सांगितलं. आणि मी सभेस फोन करून म्हटलं यंत्र चुकलंय, आणि तुज तुझं काम टाकून इथवर आणवलं, कशासाठी, तर ते बरोबर आलेलं खोडायला.

काढ ते पान. पहिल्याची चौकट. नाही, दे, मीच घालतो. — ब्याण्णव. बघ, नीट उमटलं का. लाल काही म्हणत नाही ना? सुळी घालायची मज सवय आहे, तिला वर कुठंतरी जागा करून दे पुढच्या वर्षी, माझ्यासारखे पुष्कळ आहेत. आणि गणेशकुमारास म्हणावं, तपासलं, सीतारामरावांनी स्वतः आकडा घातला, श्रीकरच पहिला, पोस्टर छाप. बाकीचं त्यास कशाला.

सूर्यनारायणास? त्यास मी काही सांगणार नाही. मांडीवरची थाप माझ्या लक्षात आहे. राजम, हसू नकोस.

ऊठ आता. कॉफी अर्धी टाकलीस, असू दे. चप्पल उजवीकडे आहे तुझी. गायत्री परसात कपडे वाळत घालतेय, तिला अजून वाटतंय तू तिचं नाव छापायला आलायस. तिनं विचारलं होतं, त्याचं उत्तर मज द्यायचंय. तू नको इथं. जा.